रक्ती हगवण (कोंबड्यांचा रोग)

रक्ती हगवण किंवा कॉक्सिडिओसिस हा आयमेरिया प्रजातीतील एकपेशीय परजीवींमुळे कोंबड्यांच्या आतड्यांना होणारा रोग आहे. कोंबड्यांत आयमेरियाच्या सात जाती सर्वमान्य आहेत. आयमेरिया ॲसर्व्ह्युलिना लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आयमेरिया मॅक्झिमा मधल्या भागात, तर आयमेरिया टेनेला अंधनालांत, म्हणजे आतड्याच्या शेवटाजवळील दोन बंद पिशव्यांत वाढते. विष्ठेतून रक्त पडणे हे टेनेलाच्या संसर्गाचे ठळक लक्षण होय. बऱ्या झालेल्या पक्ष्यात त्या जातीविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते. इतर जातींपासून मात्र त्याचे संरक्षण होत नाही.

जीवनचक्र

विष्ठेतून जाड कवचाच्या पुटी (ऊसिस्ट) बाहेर पडतात. ऊब, ओलावा व प्राणवायू मिळाल्यास त्या साधारण १ ते २ दिवसांत संसर्गक्षम होतात. पक्ष्याने गिळलेली पुटी पेषणीत भरडली जाते व आतील परजीवी आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरतात. ४ ते ७ दिवसांनी नव्या पुटी विष्ठेत दिसू लागतात. बहुतेक नेहमीच्या जंतुनाशकांचा या पुटींवर फारसा परिणाम होत नाही.

प्रतिकारशक्ती

पक्ष्यांत सस्तन प्राण्यांसारख्या लसिका ग्रंथी नसतात. त्यामुळे आतड्याच्या भित्तीतील लसिकाभ ऊतक, विशेषतः अंधनालांच्या मुखाशी असलेले टॉन्सिल, महत्त्वाचे ठरते. संसर्गानंतर प्रथम भक्षक पेशी व हेटेरोफिल पेशी तेथे जमतात. पुढील संरक्षण मुख्यतः टी-पेशी व त्यांनी स्रवलेल्या इंटरफेरॉन-गॅमावर अवलंबून असते. प्रतिपिंडांचे कार्य दुय्यम असते. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी-पेशी फॅब्रिशियसच्या बर्सा या अवयवात परिपक्व होतात. हा अवयव काढलेल्या कोंबड्याही पुन्हा झालेल्या संसर्गाला दाद देत नाहीत, असे प्रयोगांत आढळले आहे. अंड्यातील बलकातून पिलाला मिळणारी प्रतिपिंडे काही काळ अंशतः संरक्षण देतात.

मॅक्झिमाविरुद्ध सौम्य संसर्गानेही चांगली प्रतिकारशक्ती येते. टेनेलाविरुद्ध ती येण्यास संसर्ग अनेकदा व्हावा लागतो. थोड्या पुटी वारंवार पोटात गेल्याने कळप सुरक्षित होतो, पण एकदम पुष्कळ गेल्यास पक्षी दगावतात. गंबोरो व मरेक या रोगांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण होते व रक्ती हगवण बळावते.

कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती

पुटींची संख्या गादीच्या ओलाव्यावर अवलंबून असते, म्हणून दमट हवामानात या रोगाचा धोका वाढतो. रायगड जिल्ह्यातील राजपुरी खाडीवरील आगरदांडा व मुरूड परिसरात जून ते सप्टेंबर या काळात पाऊस व आर्द्रता भरपूर असते. अशा हवेत भाताच्या तुसाची गादी लवकर ओलावते व तिचे गोळे होतात. पाण्याच्या भांड्यांभोवतीची ओली गादी काढून टाकणे, ती नियमित खालीवर करणे, हवा खेळती ठेवणे व पिले मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी ठेवणे हे मुख्य उपाय होत. परसातील कोंबड्यांचे खुराडेही कोरडे ठेवावे लागते.

प्रतिबंध व उपचार

मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे खाद्यातून देतात. संसर्ग पूर्णपणे थोपवणारे औषध दिलेल्या कळपात प्रतिकारशक्ती येत नाही. ते औषध बंद होताच मोठे पक्षीही आजारी पडू शकतात. जिवंत पुटींची लस पिलांना लहान वयात देतात. अमेरिकेत अशी पहिली व्यापारी लस १९५२ मध्ये आली. लसीतील परजीवी गादीतून पिलांच्या पोटात पुन्हा जाऊनच प्रतिकारशक्ती पक्की होत असल्याने गादी अगदी कोरडी ठेवणेही योग्य नसते. रोग झाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ॲम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल पाण्यातून देतात.