दोघींच्या संसाराला कागदाचा आधार

नवऱ्यामागे बायकोचा हक्क काय, हे आपण गटात पुष्कळदा बोललो. आज बोलू या अशा दोघींबद्दल, ज्या जोडीदार म्हणून एकत्र संसार करतात, पण कायद्याने एकमेकींच्या कोणीच नाहीत.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातं हा गुन्हा नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा लग्नाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे वीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या दोघींपैकी एक गेली, तर दुसरी वारस ठरत नाही. अविवाहित हिंदू बाईने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिची मालमत्ता आई-वडिलांकडे जाते. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, बहुधा भाऊ-भाच्यांकडे. घर बांधताना दुसरीने मोडलेले डाग कोणी मोजत नाही.

म्हणून हातीपायी धड असतानाच कागद करावेत.

पहिला कागद मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. जिला मालमत्ता द्यायची, तिला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण तंट्याची भीती असेल तर केलेली बरी. आणि ‘ही माझी कोण’ हे त्यात लिहावं लागत नाही, नाव-पत्ता पुरतो. मुस्लिम भगिनींना मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता अशी देता येते.

दुसरं बँकेचं. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थखात्याने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं. पण आपण ‘वारस लावला’ म्हणतो तिथे फसतो. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, तरी कायदेशीर वारस त्यावर हक्क सांगू शकतात. म्हणून मृत्युपत्रात खात्याचाही उल्लेख हवा.

तिसरं दवाखान्याचं. शेवटच्या आजारात आपल्याला बोलता आलं नाही, तर उपचार कुठवर करायचे आणि आपल्या वतीने कोणी सांगायचं, हे आधी लिहून ठेवता येतं. त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणारी गेली की ते संपतं.

हे कागद करायला वकील परवडत नाही? तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

आणि एखादीने विश्वासाने आपल्याला तिचं नातं सांगितलं, तर ते तिच्या परवानगीशिवाय चारचौघींत नेऊ नका. समितीचा रस्ता दाखवा, हवं तर सोबत जा.