एक दाणा पचवण्यासाठी

साबुदाण्याच्या खिचडीत ओंजळभर कूट घालणाऱ्या आपल्या मंडळींना शेंगदाण्याने जीव जातो हे पटवणं कठीण. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांची कित्येक वर्षं या एका दाण्याने खाल्ली.

जे बाधतं तेच कणाकणाने द्यायचं, ही कल्पना जुनी. १९०८ साली आल्फ्रेड स्कोफिल्ड या इंग्रज डॉक्टरने अंडं न सोसणाऱ्या मुलाला अंड्याचाच अंश असलेल्या गोळ्या देऊन बरं केलं होतं. शेंगदाण्याची सुरुवात मात्र इंजेक्शनने झाली, आणि ती भोवली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झालेल्या एका चाचणीत ज्याला नुसतं निरुपद्रवी द्रावण टोचायचं होतं, त्या रुग्णाला औषध बनवताना झालेल्या चुकीमुळे शेंगदाण्याचा अर्क गेला आणि तो दगावला. १९९२ मध्ये छापून आलेले त्या चाचणीचे निष्कर्ष खरं तर आशादायक होते. पण पुढच्या प्रयत्नातही इंजेक्शनांचा त्रास फार झाला आणि तो नाद सुटला.

मग उरलं पथ्य. २००० साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको म्हणून सांगितलं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. २०१५ मध्ये लंडनचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडिअन लॅक यांनी उलटंच दाखवलं: अशा बाळांना लवकर भरवलं तर बहुतेकांना ही अ‍ॅलर्जी होतच नाही.

ज्यांना आधीच झाली, त्यांच्यासाठी तोंडावाटे उपचार. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेने 'पालफोर्झिया' मंजूर केलं. औषध कसलं, मोजून भरलेलं दाण्याचं पीठच ते! पहिल्या दिवशी दवाखान्यात अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात. मग कॅप्सूल उघडून पूड खिमटात किंवा पुडिंगमध्ये कालवून रोज द्यायची, दर दोन आठवड्यांनी वाढवायची. वाढीव मात्रेचा पहिला घास डॉक्टरांसमोर. खाल्ल्यावर लगेच धावपळ नाही, गरम पाण्याची अंघोळ नाही. सहाएक महिन्यांनी मुक्काम ३०० मिलिग्रॅम प्रथिनावर, म्हणजे जेमतेम एका दाण्यावर.

एवढ्यासाठी एवढा खटाटोप? चुकून पोटात गेलेल्या तुकड्याने जीव धोक्यात येऊ नये, एवढाच हेतू. चिक्की खायची मुभा नाहीच. पथ्य पाळणाऱ्यांपेक्षा उपचार घेणाऱ्यांनाच रिअ‍ॅक्शन जास्त येतात, हेही २०१९ च्या एका आढाव्यात दिसलं. डोस थांबवला की बहुतेकांची सहनशक्ती ओसरते. त्यामुळे घरात तीव्र रिअ‍ॅक्शनवरचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन कायम हाताशी लागतं. २०२२ च्या 'इम्पॅक्ट' चाचणीत एक ते तीन वर्षांच्या मुलांपैकी २१ टक्क्यांची सहनशक्ती मात्र डोस बंद केल्यावर सहा महिन्यांनीही टिकली, त्यातही सर्वांत लहानग्यांची अधिक. २०२४ मध्ये पालफोर्झिया या वयासाठीही खुलं झालं.