पिंपरीची फिर्याद जिनिव्हाला का पोहोचली नाही

लेखांक ७

२ जानेवारी २०१८ रोजी पिंपरी पोलीस ठाण्यात एक गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवला गेला. आदल्या दिवशी कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघालेल्या लोकांवर दगडफेक झाली होती, गाड्या जाळल्या गेल्या होत्या, आणि त्या गदारोळात सणसवाडीत एका तरुणाचा जीव गेला होता. फिर्यादीत हिंदुत्ववादी नेते मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांची नावं होती. कलमं दंगल, खुनाचा प्रयत्न आणि ॲट्रॉसिटीची. घटना पुणे ग्रामीणच्या हद्दीत घडलेली, म्हणून कागद शिक्रापूर ठाण्याकडे वर्ग झाले. दोघांनीही आरोप नाकारले. एकबोटे यांना मार्चमध्ये अटक झाली आणि पुढे जामीन मिळाला. भिडे यांना अटक झाली नाही.

८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग ठाण्यात दुसरा गुन्हा दाखल झाला. ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर भरलेल्या एल्गार परिषदेतल्या भाषणांनी हिंसा भडकली, असा त्यातला आरोप. तपास पुढे माओवादी कटाच्या आरोपापर्यंत गेला, यूएपीए लागला, २०२० च्या जानेवारीत प्रकरण एनआयएकडे गेलं आणि एकूण सोळा जणांना अटक झाली. जगभर गाजला तो हा दुसरा गुन्हा. पिंपरीत नोंदलेल्या पहिल्या गुन्ह्याबद्दल परदेशी दूतावासांनी फारसं काही विचारल्याचं दिसत नाही. असं का झालं, हे समजून घेतलं तर आंतरराष्ट्रीय दबावाची सगळी यंत्रणाच उलगडते.

जिनिव्हातली मानवाधिकार व्यवस्था स्वतःहून गावोगाव फिरत नाही. कुणीतरी तिच्याकडे लिहावं लागतं: नाव, वय, अटकेची तारीख, कलमं, तब्येत. मग संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक सरकारला पत्र पाठवतात. ते पत्र भारताच्या जिनिव्हातल्या कायमस्वरूपी प्रतिनिधी कार्यालयात पोहोचतं. साठ दिवस गोपनीय राहतं; नंतर पत्र आणि सरकारचं उत्तर आलं असेल तर तेही जाहीर होतं. याहून बळकट मार्ग आपल्यासाठी बंद आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण व्यक्तीला थेट मानवाधिकार समितीकडे तक्रार करू देणारा त्याचा पूरक करार स्वीकारलेला नाही. म्हणजे हाती उरतात ती पत्रं, निवेदनं आणि साधारण साडेचार वर्षांनी होणारा सर्वंकष आढावा.

अशा व्यवस्थेत त्या सोळा जणांपैकी फादर स्टॅन स्वामींचं नाव पोहोचणं स्वाभाविक होतं. ते जेझुइट होते. त्यांच्या संघाच्या शाखा जगभर आहेत, आणि लिहिणारे हात सगळीकडे होते. ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीत अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पार्किन्सनमुळे हातात पेला धरवत नव्हता, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज केला. उत्तर द्यायला एनआयएला वीस दिवसांची मुदत मिळाली. कंप सुटलेल्या हाताने पाणी कसं प्यायचं, हा प्रश्न तीन आठवडे कोर्टाच्या तारखेवर टांगून राहिला. मला या संपूर्ण प्रकरणात याहून लाजिरवाणी गोष्ट आठवत नाही.

त्याआधी २० ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बाशेले यांनी त्यांच्या अटकेचा उल्लेख करून निवेदन काढलं. पिनोशेच्या काळात चिलीत त्या स्वतः कैदेत होत्या, त्यामुळे हा विषय त्यांना नुसता फायलीतला नव्हता. परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी उत्तर दिलं: कायदा मोडणाऱ्याला मानवाधिकारांच्या नावाखाली सूट देता येणार नाही. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात फादर गेले, त्यांच्या जामिनाची सुनावणी ठरलेल्या दिवशीच. पुन्हा निवेदनं आली, पुन्हा उत्तर गेलं की सगळं कायदेशीर प्रक्रियेनुसार झालं. मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाने ही कैद मनमानी असल्याचं मत नोंदवलं, तेही त्यांच्या मृत्यूनंतर.

दगड खाल्लेल्या, जळालेली गाडी टाकून पायी परतलेल्या माणसाकडे असं जाळं नसतं. तो कैदेत नसतो, त्यामुळे 'सोडा' अशी मागणी करता येत नाही. त्याचा प्रश्न असतो न झालेल्या तपासाचा, आणि न झालेल्या गोष्टीवर पत्र लिहिणं कठीण. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये चार महिन्यांसाठी नेमला. त्याला वर्षानुवर्षं मुदतवाढ मिळत गेली. जगाने हेही विचारायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

जगाने विचारलं तर 'आमचा अंतर्गत मामला' हे उत्तर मात्र भारताने जपून वापरावं. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या छळाचा प्रश्न आपणच संयुक्त राष्ट्रांत नेला. तिथल्या सरकारने हाच बचाव केला होता. विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, त्यांनी तो खोडून काढला आणि ८ डिसेंबरला आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताचा ठराव मंजूर केला. त्याच वर्षी आपण दक्षिण आफ्रिकेशी व्यापारही तोडला, स्वतःचं नुकसान सोसून.

तसं नुकसान सोसायला आज कोण तयार आहे? मर्सिडीज १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडू लागली, २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. फोक्सवागनचा कारखानाही त्याच वर्षी चाकणला सुरू झाला. युरोपीय संसदेने एप्रिल २०२१ च्या अखेरीस भारतातल्या मानवाधिकारांबद्दल चिंता नोंदवली. ८ मे रोजी पोर्तो इथल्या बैठकीत युरोपीय नेत्यांनी भारताशी मुक्त व्यापाराची बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. त्या दिवशी स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात आजारी होते. चाकणमधल्या कामगाराची रोजीरोटी त्या व्यापारावर आहे, तेव्हा बोलणी नकोत असं मी म्हणणार नाही. पण त्याच टेबलावर त्या कैद्याच्या तब्येतीचा प्रश्न ठामपणे मांडता आला असता.

इतर आरोपींपैकी जे सुटले ते न्यायालयांमुळे, एकेक करून. सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ मध्ये, आनंद तेलतुंबडे नोव्हेंबर २०२२ मध्ये. रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला, अटकेनंतर साडेसहा वर्षांनी. तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

सरकारांना वळसा घालून थेट कंपन्यांना जाब विचारण्याचा एक मार्ग जर्मनीने २०२३ पासून काढला आहे. त्या पुरवठा साखळी कायद्याचा चाकणच्या छोट्या प्रेसशॉपवर काय परिणाम होतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.