अर्धमॅरेथॉन : वैयक्तिक सर्वोत्तम वेळ आणि गतीचे नियोजन

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. ते दोन तासांत पूर्ण करावयाचे झाल्यास प्रत्येक किलोमीटरला सरासरी ५ मिनिटे ४१ सेकंद मिळतात. प्रारंभीच अतिवेगाने धावल्यास स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा लवकर खर्च होतो, रक्तातील लॅक्टेट वाढते आणि उत्तरार्धात गती मंदावते. म्हणून सपाट मार्गावर समान वेग हितकारक ठरतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये मात्र यवतेश्वर घाटाची चढण पूर्वार्धात, तर उतार उत्तरार्धात येतो. तेथे वेग नव्हे, श्रमाची पातळी समान राखावी लागते. यावरून स्पष्ट होते की, सर्वोत्तम वेळेची तुलना समान स्वरूपाच्या मार्गावरील वेळेशीच करणे न्याय्य होय. घाटात वाढलेली मिनिटे ही धावपटूची पीछेहाट नव्हे.