पाच पेंढ्यांची कोप

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. स्थानिक सुट्टी जाहीर होते आणि निम्मे शहर शिवारात जाते. कागदोपत्री वेळा अमावस्या, बोलण्यात येळवस. लातूर-धाराशिवबरोबर नांदेडच्या सीमाभागात आणि पलीकडे बीदरकडेही ती साजरी होते. आंबील, भज्जी, उंडे यांचे कौतुक दरवर्षी छापून येते. शेतात पूजेसाठी उभारायच्या कडब्याच्या खोपटीच्या, म्हणजे कोपीच्या वाट्याला मात्र जेमतेम एखादी ओळ.

कडब्याच्या पेंढ्यांचे बुडखे पसरून शेंडे एकत्र बांधले की कोप उभी राहते. आत पाच दगड, म्हणजे पांडव. बांधणी मोठ्यांची, पण दगड हुडकणे, धुणे, त्यांना चुना फासून वर कावेचे ठिपके देणे हे पोरांचे काम. ठिपके वाकडे आले म्हणून पूजा कुणाची अडली नाही. दिवस मावळताना पेटवून फिरवायचा हेंडगासुद्धा वाळल्या गवता-कडब्याचाच.

पूर्वी वर्षभर असे काही ना काही चालायचे. पोळ्याला काळ्या मातीचे बैल, नवरात्रात पत्रावळीवरच्या मातीत पेरलेले धान्य, दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी. यातले काहीच विकत आणावे लागत नसे. सगळे शेतातून नाहीतर गोठ्यातून येई.

मग शेतच बदलले. खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर. सोयाबीनच्या भुसकटाची कोप काही उभी राहत नाही! दुष्काळांनी भर घातली. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी कडबा आधी जनावरांच्या दावणीत जाणार, हे उघड आहे. आता ज्याच्या रानात ज्वारी नाही, तो शेजाऱ्याच्या गंजीतून पेंढ्या मागून आणतो.

दरम्यान, पिकातून चित्र काढण्याची हौस मोठ्यांनाही लागली. 2019च्या शिवजयंतीला निलंग्यात मंगेश निपाणीकर यांनी धान्य पेरून काही एकरांवर शिवरायांची प्रतिमा उगवून आणली. काम अचाट, पण ते पाहायला आकाशातून कॅमेरा फिरवावा लागतो. कोप पाहायला मातीत मांडी घालून बसावे लागते, आणि लहान मुलांना तेच जास्त मानवते.

शहरातून आलेली पोरे आधी मोबाईल काढतात. काव कालवायला बसली की मात्र कोपरापर्यंत लाल होतात, आणि जेवायला तीन हाका माराव्या लागतात.