सदोष म्हणून चुकीने नोंदलेल्या डिस्क-क्षेत्राची पुनर्प्राप्ती : एक विवेचन

प्रस्तावना :
३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस रायगडचा किनारा ओलांडला. विजेचे खांब कोसळल्याने मुरूड-श्रीवर्धन परिसरातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज अशी अकस्मात जाण्याचा परिणाम संगणकाच्या हार्ड डिस्कवरही होतो. लेखन चालू असताना वीज गेल्यास डिस्कचा निर्दोष भागही 'सदोष' ठरू शकतो. असा भाग पुन्हा उपयोगात कसा आणावा व केव्हा आणू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोष आणि नोंद :
डिस्कवरील माहिती सेक्टर नामक लहान भागांत साठविली जाते. परंपरेने सेक्टर ५१२ बाइटचा असतो. प्रत्येक सेक्टरसोबत त्रुटी ओळखणारा संकेतही लिहिला जातो. चुंबकीय थरास इजा झाल्यास तो वास्तविक दोष होय. याउलट, लेखन अर्धवट राहून माहिती व संकेत यांचा मेळ न बसल्यास तो केवळ तार्किक दोष असतो. त्या जागी नव्याने लेखन होताच तो नाहीसा होतो. मात्र 'चेकडिस्क'ला सेक्टर वाचता आला नाही, तर संपूर्ण क्लस्टर बाद ठरतो. क्लस्टर ४०९६ बाइटचा असल्यास एका सेक्टरपायी आठ सेक्टर वाया जातात.

एनटीएफएस पद्धतीत ही नोंद एका अंतर्गत फाइलीत राहते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेतल्यास ही नोंदही सोबत येते आणि धडधाकट डिस्क सदोष भासू लागते. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून नोंदलेली जमीन लागवडीयोग्य झाली, तरी फेरपाहणीवाचून नोंद बदलत नाही. येथेही तसेच घडते.

कार्यपद्धती :
१) सर्वप्रथम संपूर्ण माहितीची प्रत अन्य साधनावर घ्यावी.
२) डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदी पाहाव्यात. क्रमांक ५ बदली दिलेले सेक्टर, १९७ निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर, तर १९८ दुरुस्त न झालेले सेक्टर दर्शवितो.
३) हे आकडे शून्य अथवा स्थिर असल्यास 'चेकडिस्क' आज्ञा '/बी' या पर्यायासह द्यावी. हा पर्याय एनटीएफएसपुरताच असून पूर्वी बाद ठरलेले क्लस्टर तो पुन्हा तपासतो. नित्य वापरातील '/आर' पर्याय नवे दोष शोधतो. जुनी नोंद मात्र रद्द करीत नाही.
४) प्रत सुरक्षित असल्यास संपूर्ण फॉरमॅट हाही मार्ग आहे. विंडोज व्हिस्टापासून त्यात सर्व जागेवर शून्ये लिहिली जातात व नोंद नव्याने तयार होते.
५) काही आठवड्यांनी 'स्मार्ट' नोंदी पुन्हा पाहाव्यात.

मर्यादा :
आकडे वाढत असल्यास किंवा डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास हा प्रयोग करू नये. दीर्घ तपासणीचा ताण अशी डिस्क निकामी करू शकतो. तिच्यातील माहिती हलवून ती सेवेतून काढणेच हिताचे.

निष्कर्ष :
या प्रक्रियेतून मिळणारी जागा बहुधा अल्पच असते. खरा लाभ निर्णयाचा आहे. केवळ नोंदीवर विसंबल्यास निर्दोष डिस्क भंगारात जाते, तर नोंद आंधळेपणाने पुसल्यास वर्षानुवर्षांचे संशोधन गमवावे लागते. म्हणून नोंदीची प्रत्यक्षाशी पडताळणी आवश्यक ठरते. वीज वारंवार खंडित होणाऱ्या किनारपट्टीवरील महाविद्यालयांत यूपीएस व नियमित प्रत हे या तपासणीइतकेच महत्त्वाचे होत.