‘डाक्टर’ म्हटलं की हसता? मग अमेरिकन माणसाचं काय कराल?

समजा, भद्रावतीचा एक मुलगा पुण्यात मुलाखतीला गेलाय. विषय येतो, उत्तरही येतं. पण बोलता बोलता तो ‘डाक्टर’, ‘कालेज’ म्हणून जातो आणि समोर बसलेल्यांपैकी एकजण गालात हसतो. पुढच्या प्रश्नापासून मुलगा मोजकंच बोलायला लागतो. आपलं इंग्रजी कच्चं आहे, असं त्याला वाटतं.

खरंच कच्चं आहे का?

गंमत बघा. अमेरिकेत बहुतेक लोक या शब्दातला पहिला स्वर ‘आ’च्या जवळच उच्चारतात. ‘हॉट’ त्यांच्या तोंडी ‘हाट’सारखा ऐकू येतो. आपण ‘डॉक्टर’ लिहितो ते इंग्लंडच्या पद्धतीचं. म्हणजे विदर्भातला हा स्वर न्यूयॉर्कच्या जास्त जवळचा! पण तिकडून आला की ती स्टाईल आणि इकडून आला की गावठी.

उच्चार बदलतो कशामुळे?

आपली जीभ आणि कान लहानपणीच घरच्या भाषेत तयार होतात. नवी भाषा आली की तिचे आवाज आपण जुन्या खणांत बसवतो.

इंग्रजीतला ‘टी’ घ्या. इंग्रज माणूस तो वरच्या दातांच्या मागच्या हिरडीला जीभ लावून म्हणतो. मराठीत दातांना लागणारा ‘त’ आहे आणि जीभ मागे वळवून काढायचा ‘ट’ आहे. मधली जागा रिकामी. मग ‘टेबल’ आपल्या ‘ट’मध्ये जाऊन बसतो.

‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चंही तसंच. आपल्याकडे या दोघांसाठी एकच ‘व’. पुरावा बघायला लांब जायला नको. इंग्रजी पाट्यांवर वरोरा, वर्धा आणि वणी ‘डब्ल्यू’ने लिहितात, पण विदर्भ आणि भद्रावतीमधला ‘व’ मात्र ‘व्ही’ने. आवाज एकच, अक्षरं दोन.

उलट गोष्टही घडते. भद्रावतीच्या रेल्वे स्टेशनचं नाव भांदक. इंग्रजीत ‘द’ आणि ‘ड’ दोन्हींना ‘डी’च. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस पाटी वाचून सहज ‘भांडक’ म्हणतो. त्याला कुणी अडाणी म्हणत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला आणि गडचिरोलीकडे झाडीबोली आहे. तिथे ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. त्या घरातलं मूल ‘शर्ट’ला ‘सर्ट’ म्हणालं, तर ते आपल्या बोलीचा नियमच पाळत असतं. भद्रावतीत ऑर्डनन्स फॅक्टरी आणि कोळशाच्या खाणींमुळे हिंदी, तेलुगू, बंगाली बोलणारी घरंही आहेत. प्रत्येकाचे खण वेगळे, म्हणून प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं.

शाळेचाही भाग आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आज शिकवणाऱ्या कित्येक शिक्षकांनी स्वतः इंग्रजी उशिरा आणि मुख्यतः पुस्तकातून शिकलंय. मुलं त्यांचंच ऐकून बोलतात.

मग चूक कशाला म्हणायचं?

मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या अभ्यासकांनी १९९५ साली चिनी भाषकांचं इंग्रजी तपासलं. बोलण्यात परकी लकब किती आणि ऐकणाऱ्याला समजतं किती, या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं त्यांना दिसलं. लकब ठळक असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं.

जेनिफर जेनकिन्स यांनी २००० सालच्या पुस्तकात पुढचा प्रश्न घेतला. वेगवेगळ्या देशांतले लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा नेमकं अडतं कुठे? त्यांच्या मते ‘थिंक’मधला ‘थ’ इंग्रजांसारखा नसला तरी फारसं बिघडत नाही. पण स्वर आखूड की लांब, आणि वाक्यात जोर कुठल्या शब्दावर, हे चुकलं की गोंधळ होतो.

काय सुधारायचं आणि काय सोडून द्यायचं?

• ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा.

• ‘व्ही’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा. ‘डब्ल्यू’ला ओठ गोल करा, दात लावू नका. नाहीतर जनावरांचा डॉक्टर ‘व्हेट’ आणि ओला ‘वेट’ एकच वाटतील.

• शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’ला थोडी हवा सोडा. इंग्रजांच्या कानाला आपला ‘पेन’ कधी कधी ‘बेन’ वाटतो.

• घाई करू नका. महत्त्वाच्या शब्दावर जोर द्या.

‘ट’ जाड येतो, ‘र’ खणखणीत येतो? येऊ द्या. ब्रिटनमध्येही लिव्हरपूलचा माणूस लंडनसारखं बोलत नाही आणि ग्लासगोचा दोघांसारखंही नाही.

मुलाखत घेणाऱ्यांनीही स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोरच्याचं म्हणणं मला समजलं का? समजलं असेल, तर ‘डाक्टर’वर मार्क कापायचं काही कारण उरत नाही. आणि तुम्ही खुर्चीच्या या बाजूला असाल, तर एका हसण्यासाठी येत असलेलं उत्तर गिळू नका.